नियमित मानवी वापर आढळला नाही

उद्धव भामरेंना चिडता येत नाही. लग्नाला एकतीस वर्षं झाली, या माणसाचा चढलेला आवाज मी ऐकलेला नाही, असं मधुमतीकाकू सांगतात, आणि त्यात कौतुक कमी आणि तक्रार जास्त असते. मला चिडता येतं. माझ्या आईच्या मते मला तेवढंच नीट येतं. म्हणून त्यांच्याबद्दल हे मी लिहिते आहे, आणि थंड डोक्याने लिहिण्याची माझी अजिबात इच्छा नाही.

मी मीनल. पुण्यात शिकले, सिंगापूरच्या विद्यापीठात दोन वर्षं भूजलावर संशोधन केलं आणि मग तिथल्याच बुओना व्हिस्टा भागातल्या एका सल्लागार कंपनीत चिकटले. कुणाला धरण बांधायचं असतं, कुणाला खाण खणायची असते, कुणाला डोंगरात हॉटेल काढायचं असतं. तिथलं सरकार त्यांना विचारतं, पाण्याचं काय होणार? मग ते आमच्याकडे येतात. आम्ही जातो, मोजतो आणि चारशे पानांचा अहवाल लिहून देतो. तो कोणी वाचत नाही. वाचतात ती शेवटच्या दोन पानांवरची दहा वाक्यं. त्यातल्या एखाद्या वाक्यावर अख्खं गाव तरतं किंवा बुडतं.

उद्धवकाका याच ऑफिसात यंत्रं सांभाळायचे. विहिरीत, नदीत पातळी मोजणारी यंत्रं बसवायची, ती काढून आणायची, त्यांतले आकडे तपासून द्यायचे. हुद्दा सीनियर टेक्निशियन, पण हाक ‘अंकल’. सिंगापुरात वयाने मोठ्या माणसाला अंकल म्हणतात, त्यात वावगं काही नाही. टॅक्सीवाला अंकल, फळवाला अंकल. मात्र आमच्या पन्नाशीतल्या डायरेक्टरना कोणी अंकल म्हणत नव्हतं, हे माझ्या लक्षात यायला दोन वर्षं लागली. पीएचडी झालेली पंचविशीतली पोरं खुर्चीवरून न उठता ‘अंकल, बॅटरी’ म्हणायची आणि काका बॅटरी आणून द्यायचे.

काका साक्री तालुक्यातले, पांझरेच्या काठचे. तिकडे जुनी फड पद्धत आहे. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखाली फड, आणि त्या फडातल्या सगळ्यांच्या शेताला पाणी देणारा एक पाटकरी. शेतकऱ्याने स्वतः पाण्याला हात लावायचा नाही. काकांचे वडील पाटकरी होते. काकांनी धुळ्याला डिप्लोमा केला, मुंबईत सर्वेक्षणाच्या कंपनीत यंत्रं उचलली, आणि नव्याण्णव साली सिंगापुरात एमआरटीचे, म्हणजे इथल्या मेट्रोचे, बोगदे खणत होते तेव्हा भूजलाची पातळी बघायला इथे आले. तेव्हापासून वुडलँड्सच्या फ्लॅटमध्ये राहतात. सकाळी साडेसहाची गाडी, जुराँग ईस्टला बदल, स्टेशनबाहेरच्या हॉकर सेंटरमध्ये बिनदुधाचा बिनसाखरेचा चहा, आणि साडेआठला ऑफिस. सव्वीस वर्षं. रजा घेतली ती मुलीच्या, स्वानंदीच्या, परीक्षांना आणि वडील गेले तेव्हा.

त्यांच्याकडे एक वही असे. पुठ्ठ्याची, पेन्सिलीने लिहिलेली, कारण शाई ओली झाली की पसरते. यंत्राने काहीही नोंदवलं तरी काका स्वतः पट्टी धरून पातळी मोजायचे आणि वहीत लिहायचे. वेळ, जागा, सेंटिमीटर, शेवटी सही. मी एकदा विचारलं, यंत्र आहे ना, मग वही कशाला? ते म्हणाले की यंत्राला कोणी विचारायला येत नाही, माणसाला येतात.

गेल्या वर्षी मे महिन्यात आम्हा दोघांना एका ओढ्यावर पाठवलं. नाव वादी सुमर; वादी म्हणजे ओढाच. अरबस्तानातल्या त्या मुलखात या नावाचे ओढे डझनाने असतील, म्हणून नाव लिहायला हरकत नाही. देशाचं नाव मात्र टाळते, तिथल्या माणसांना त्रास नको. एका कंपनीला ओढ्याच्या उगमाशी हॉटेल काढायचं होतं. बत्तीस खोल्या, प्रत्येक खोलीला स्वतंत्र पोहण्याचा तलाव, आणि पाणी वरच्या डोहातून नळाने. वाळवंटात डोंगराच्या कुशीत निळं पाणी, असं त्यांच्या चकचकीत पुस्तिकेत लिहिलं होतं. आमच्या अहवालातलं चौथं प्रकरण माझ्याकडे होतं: ओढ्याचा भूगोल आणि मानवी वापर. खाली कोणी ते पाणी वापरत असेल तर हॉटेलला नळ टाकता येणार नव्हता. वापरत नसेल तर येणार होता. प्रश्न एवढाच होता आणि त्याचं उत्तर आम्हाला द्यायचं होतं.

त्या ओढ्यासारखं काही मी आधी पाहिलं नव्हतं. डोंगर तपकिरी, गवताची काडी नाही. वर्षाला चार-पाच इंच पाऊस, तोही एखाद्या वर्षी येत नाही, आणि येतो तेव्हा एका दुपारी सगळा. तेव्हा ओढा टेम्पोएवढे धोंडे घेऊन खाली येतो. एरवी त्याचं पाणी बोटभर. वर कड्याच्या चिरेत डोह आहे, त्याला बारा महिने पाणी. तिथून मैलभर ओढा उघड्या खडकावरून वाहतो, पुढे गोटे लागले की जमिनीखाली जातो, आणि गावाजवळ खडक वर येतो तिथे पुन्हा बाहेर निघतो. तिथे दगडमातीचा लहानसा बांध, बांधातून निघालेला पाट, पाटावर खजूर आणि लिंबं, त्यांच्या सावलीत लसूणघासाचे वाफे. घरं एकेचाळीस. गावाखाली ओढा गोट्यांत जिरून संपतो. पुराचं वर्ष सोडलं तर तो समुद्रापर्यंत कधी पोचत नाही.

उन्हाळ्यात तिथे आणखी एक गोष्ट होते. काठावरची झाडं दिवसभर पाणी पितात. ऊन चढतं तसा ओढा खालून वर आटत जातो, आणि रात्री झाडं थांबली की पुन्हा खाली उतरतो. म्हणजे मे महिन्यात गावाच्या बांधाशी पाणी येतं पहाटे दोन-अडीचला आणि असतं सकाळी नऊपर्यंत. दुपारी तिथे चिखलसुद्धा नसतो. हे मी पाठ्यपुस्तकात वाचलेलं होतं आणि परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. गावाचा सगळा दिवस याच वेळेवर चालतो. झाडांना द्यायचं, घरात भरायचं, शेळ्या पाजायच्या, सगळं नऊच्या आत. मग दारं लावून माणसं झोपतात.

आणि आम्ही कधी पोचायचो? दुपारी बारानंतर. आमच्या कंपनीचा विम्याचा नियम आहे की उजाडण्याआधी आणि मावळल्यानंतर डोंगरी रस्त्यावर गाडी न्यायची नाही. आमचं राहण्याचं हॉटेल शहरात, दीडशे किलोमीटरवर, त्यातला अर्धा रस्ता नदीच्या गोट्यांतून. नाश्ता करून निघायचं, कोरड्या बांधाशी उभं राहून फोटो काढायचे, मावळायच्या आत परत. सहा दिवस हेच केलं. सहा दिवस माझ्या तक्त्यात ‘कोरडा’, ‘कोरडा’, ‘कोरडा’. गाव निर्मनुष्य, दारं बंद. मीही मनाशी ठरवून टाकलं की इथे आता कोणी राहत नाही. सिंगापूरहून आमचे साहेब, देवदत्त सर, रोज फोन करून विचारायचे, झालं का? उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते मला त्या आठवड्यात कळलं.

काकांना मात्र चैन नव्हतं. वाफे हिरवे कसे, एवढंच ते विचारत राहिले. टँकरचं पाणी असेल, मी म्हटलं. टँकरच्या पाण्यावर लसूणघास कोण करतं, ते म्हणाले. तिकडे शुक्रवारी सुट्टी. काका म्हणाले की गुरुवारी संध्याकाळी मी गावात राहायला जातो, तू हॉटेलवर आराम कर. मला हॉटेलचा कंटाळा आला होता, म्हणून गेले. कर्तव्य वगैरे काही नव्हतं.

तिथे सालिम भेटले. सत्तरीपुढचा माणूस, गावच्या पाण्याचा मुखत्यार. तरुणपणी शहरात ट्रक चालवायचे, तिथल्या हिंदुस्थानी ड्रायव्हरांकडून शिकलेली मोडकी हिंदी त्यांना येत होती. पहाटे त्यांच्या सुनेने मला हलवून उठवलं. बाहेर आले तर कालचं निर्मनुष्य गाव पाटावर होतं. बायका भांडी घेऊन, पोरं शेळ्या घेऊन, म्हातारे उगाच. सालिम हातात मोबाईल घेऊन बांधाशी उभे होते. आधी म्हणे वेळ ताऱ्यांवरून आणि खांबाच्या सावलीवरून बघायचे, आता गजर लावतात. गजर वाजला की ते चिंध्या आणि दगडांचा बोळा एका तोंडातून काढून दुसऱ्यात बसवत. एकाची पाळी संपली, दुसऱ्याची सुरू. अकरा दिवसांचा फेरा, प्रत्येक घराचा वेळ ठरलेला, आजोबा-पणजोबांपासूनचा.

काका उकिडवे बसून बघत होते. त्यांनी सालिमना तीन गोष्टी विचारल्या. कोणानंतर कोण हे कुठे लिहिलेलं आहे का? नाही, तोंडी. वेळ मोडली तर? मोडत नाही. आणि एखादा झोपून राहिला तर? सालिम म्हणाले, तर त्याच्या झाडांना मी पाणी देतो, त्यात काय. काका मोठ्याने हसले. सव्वीस वर्षांच्या नोकरीत ऑफिसातल्या कोणी त्यांना तसं हसताना पाहिलं नसेल. मग ते उठले, विजार वर खोचली आणि पुढच्या पाळीचा बोळा सालिमच्या आधी त्यांनी स्वतः बसवला. सालिमनी बसवू दिला.

त्या दिवशी काकांनी तीन ठिकाणी यंत्रं लावली: डोहाशी, बांधाशी आणि पाटात. दर पाच मिनिटांनी पातळी नोंदवायची. जुलैमध्ये एकटे जाऊन ती काढून आणली.

आता ऑफिस. देवदत्त सर आमचे डायरेक्टर. पुण्याचे, गोड बोलण्यात पटाईत, इथल्या मराठी मंडळींच्या दिवाळी पहाटेचं निवेदन दर वर्षी तेच करतात. माझ्या प्रकरणाचा मसुदा त्यांनी वाचला आणि मला केबिनमध्ये बोलावलं. ओरडले वगैरे नाहीत. शुक्रवारची पहाट त्यांनी पिवळ्या रंगाने रंगवली होती. शुक्रवार कामाचा दिवस होता का, त्यांनी विचारलं. नव्हता. गावात राहायला विम्याची परवानगी होती का? नव्हती. मग ती तुमची खाजगी सहल झाली, मीनल, खाजगी सहलीत दिसलेलं अहवालात कसं येईल? मी म्हटलं, सर, पण पाणी होतं. ते म्हणाले की पाणी होतं की नाही ते यंत्रं सांगतील.

यंत्रांनी सांगितलंच होतं. पण आकडे स्वच्छ करायचा आमच्याकडे एक प्रोग्रॅम आहे. पातळी एकदम चढली किंवा एकदम पडली की तो ती चूक समजून पुसतो, कारण साधारण नदीत तसं होत नाही. पाटात मात्र दर पाळीला तेच होतं. बोळा काढला की पातळी पडते, बसवला की चढते. एकसष्ट दिवसांतली प्रत्येक पाळी, एकेचाळीस घरांची एकूण एक पाळी, प्रोग्रॅमने चूक म्हणून पुसली आणि उरली एक सपाट रेघ. बटण मी दाबलं. मला माहीत होतं काय पुसलं जातंय, आणि दाबल्यावर मी चहा आणायला गेले.

नियमाप्रमाणे तक्त्याखाली मोजणाऱ्याची सही लागते. सपाट रेघेचा तक्ता काकांच्या टेबलावर गेला आणि तसाच राहिला. दोन दिवस, चार दिवस, आठवडा. देवदत्त सरांनी आठवण केली, काका ‘हो’ म्हणाले आणि सही केली नाही. दुसऱ्या आठवड्यात सर स्वतः त्यांच्या टेबलाशी आले. मी समोरच होते. सर म्हणाले, काका, फॉरमॅलिटी आहे, आपण आपल्यातले, तुम्ही असं अडवून धरलंत तर कसं व्हायचं? काकांनी पुठ्ठ्याची वही उघडली. त्यांनी न पुसलेल्या आकड्यांतून एकेक पाळी वेगळी करून लिहिली होती. अकरा दिवस, एकेचाळीस घरं, आणि पुन्हा पहिल्यापासून. पाच फेरे, वर उरलेले सहा दिवस. एका घराची पाळी फक्त पंधरा मिनिटांची. तिच्यापुढे काकांनी कंसात लिहिलं होतं: म्हातारी, एकच लिंब.

“सर, मी सही करायला तयार आहे,” काका म्हणाले. “माझ्या आकड्यांवर. हे आकडे माझे नाहीत.”

“यंत्र तुमचंच होतं ना?”

“यंत्र माझं. पुसलं मी नाही.”

सर माझ्याकडे बघून हसले. मी स्क्रीनकडे बघितलं.

घरीही काकांना सुटका नव्हती. स्वानंदी चांगी बिझनेस पार्कमध्ये बँकेत आहे, शहाणी मुलगी, तिच्या जगात सही म्हणजे माऊसचा क्लिक. ती इथल्या धाटणीच्या इंग्रजीत म्हणाली, “पप्पा, जस्ट साइन लाह. नोबडी रीड्स.” मधुमतीकाकूंनी मला नंतर सांगितलं की त्या रात्री जेवताना काका एवढंच म्हणाले, माझ्या बापाने पाणी वाटलं, मी ते नाही म्हणून लिहू? मग भात मागितला. काकूंनी वाढला आणि पोरीला इंग्रजीत गप्प बसायला सांगितलं.

तिसऱ्या आठवड्यात देवदत्त सरांनी मला पुन्हा बोलावलं. माझा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे नोकरी करायचा परवाना, ऑक्टोबरमध्ये संपत होता आणि त्याचं नूतनीकरण कंपनीने करायचं असतं. सरांनी आधी त्याचीच चौकशी केली. आईची तब्येत विचारली. मग म्हणाले की मोजणाऱ्याच्या जागी तपासणाऱ्याची, म्हणजे तुझी, सही चालेल, आपण आपल्या नियमात तशी सोय करून घेतली आहे. आणि शेवटच्या पानावरचं वाक्य तू लिहून टाक, भाषा तुझी चांगली आहे.

मी लिहिलं. ‘पाहणीच्या काळात ओढ्याच्या खालच्या टप्प्यात नियमित मानवी वापर आढळला नाही.’ इंग्रजीत ते आणखी छान दिसतं. पाहणीचा काळ म्हणजे दुपारी बारा ते चार. नियमित म्हणजे आमच्या नियमात बसणारं. त्या वाक्यात एक शब्द खोटा नाही, आणि ते वाक्य अख्खं खोटं आहे. अशी वाक्यं करायला मला सात वर्षं शिकवलं गेलं. मी सही केली, तारीख घातली आणि संध्याकाळी मैत्रिणींबरोबर जेवायला गेले. माझा राग तेव्हा कुठे होता म्हणून विचाराल तर पास हातात येईपर्यंत मी मूग गिळून बसले होते. रागीट माणसं फार शूर असतात असा लोकांचा गैरसमज आहे.

काकांना कळलं, कारण छापील अहवाल कपाटात लावायचं काम त्यांचंच होतं. त्यांनी मला एक शब्द विचारला नाही. दुसऱ्या दिवशी रोजच्यासारखं ‘चहाला येतेस का’ म्हणूनही विचारलं नाही. तेव्हापासून कधीच नाही.

डिसेंबरमध्ये त्यांचा करार पुन्हा केला नाही. केक कापला. देवदत्त सरांनी भाषणात ‘अंकल आता विश्रांती घेणार’ असं सांगितलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी विश्रांती मागितली नव्हती. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, तसं माझ्या शेजारचा एक जण केक खाताना म्हणाला की अंकल हल्ली जरा स्लो झाले होते. मी त्याला तिथेच चार शब्द सुनावले. त्याला सुनावणं सोपं होतं. आता काका बुओना व्हिस्टातल्याच एका कोंडोच्या, म्हणजे उच्चभ्रू सोसायटीच्या, पोहण्याच्या तलावाचं पाणी तपासतात. क्लोरीन किती, पातळी किती. वही तीच आहे म्हणे.

गेल्या रविवारी सकाळी मधुमतीकाकूंचा फोन आला. ‘ये,’ म्हणाल्या. कशाला ते सांगितलं नाही. वुडलँड्सला पोचले तर काका जेवायच्या टेबलाशी बसलेले, समोर फोन. काकूंनी मला पाणी दिलं आणि उभ्याच राहिल्या. काकांनी सांगितलं ते थोडक्यात असं. हॉटेलवाल्यांनी खालून नळाचे पाइप आणून टाकलेत. सरकारने हरकती मागवल्यात, महिनाअखेरपर्यंत. गावाने हरकत घेतली तेव्हा कार्यालयातल्या माणसाने आमचा अहवाल काढून दाखवला: सिंगापूरच्या तज्ज्ञांनी लिहिलंय, हे पाणी कोणी घेत नाही. काकांनी स्वतः पत्र पाठवून पाहिलं. उत्तर आलं की अहवालावर तुमची सही नाही, सबब तुमच्या म्हणण्याची नोंद घेता येत नाही. पाणी नाही म्हणून ज्याने सही केली, त्यानेच आहे म्हटलं तर ते ऐकणार होते.

“सालिम मला विचारतो, कोणी लिहिलं,” काका म्हणाले. “तीन वेळा विचारलं त्याने. मी नाव सांगितलं नाही.”

मी म्हटलं, काका, मी ऑफिसात राहून काहीतरी करते, सरांशी बोलते, आपण नीट विचार करू. हात झटकण्याची ही माझी नेहमीची पद्धत आहे. काका ऐकत राहिले. चिडले असते तर मीही चिडले असते, भांडण झालं असतं आणि मी दार आपटून निघून गेले असते. त्यांनी नंबर लावला, फोनचा आवाज मोठा केला आणि तो माझ्यासमोर ठेवला.

“बोल,” म्हणाले. “मी पाळी मोडत नाही. ही तुझी आहे.”

तिकडचं घड्याळ चार तास मागे, पलीकडे पहाट होती. शेळ्यांचा आवाज येत होता. सालिमनी ‘उद्धव भाई’ म्हणून हाक मारली. मी म्हटलं की मी मीनल, मे महिन्यात आले होते, तुमच्या घरी राहिले होते. आणि ते वाक्य मी लिहिलं. हिंदीत ते सांगताना मला दोनदा थांबावं लागलं.

मी शिव्यांची वाट बघत होते. शिव्या मला झेपल्या असत्या. सालिम हळू आवाजात म्हणाले, “बेटी, तुम तो पीया था. इधर बैठ के. दो बार पीया.”

मी हो म्हटलं.

“बस, इतना लिख दो.”

काकूंनी टेबलावरची पोह्यांची ताटली उचलून जागा केली. काकांनी पेन्सिल दिली नाही, पेन दिलं. माझा पास जाईल, देवदत्त सर मला वकिलाचं पत्र पाठवतील, आणि महिनाअखेरपर्यंत तो कागद तिथे पोचूनही कोणी वाचेल की नाही, मला माहीत नाही. पण लिहिला तो असा:

मी मीनल आगाशे, या अहवालावर सही करणारी. नऊ मे, शुक्रवार, सकाळी पावणेसहा. वादी सुमर, गावचा बांध. पाणी वाहत होतं, सगळं गाव ते घेत होतं, आणि मला तहान लागली म्हणून मी ते दोनदा प्यायले.